मुंगीच्या वेशातला कोळी
आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटी बांधणाऱ्या विणकर मुंग्यांवरचा लेख वाचला; त्यात माहिती नेमकी आली आहे. कामकरी मुंग्या आपल्याच अळ्या जबड्यात धरून त्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने जोडतात, हा भाग विशेष आवडला. मात्र याच मुंग्यांच्या आसपास वावरणाऱ्या, हुबेहूब त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचा उल्लेख राहून गेला. पुढच्या पायांची जोडी उचलून तो मिशांसारखी हलवत राहतो, त्यामुळे आठाऐवजी सहाच पाय भासतात. नराचे लांबलचक जबडे तर मुंगीने दुसरी मुंगी तोंडात धरल्यासारखे दिसतात. साहजिकच, मुंग्यांना टाळणारे भक्षक (या मुंग्या चावलेल्या कोणालाही ते पटेल) त्याच्याही वाटेला जात नाहीत. खुद्द मुंग्यांपासून मात्र तो अंतर राखूनच असतो, आणि एखादी अंगावर आलीच तर धाग्याला लोंबकळून निसटतो.