जेट थांबली, आणि वाटून घ्यायला फारसं काही उरलंच नाही

जेट एअरवेजचा विषय निघाला की बोलणं या विमान कंपनीचे संस्थापक नरेश गोयल यांच्यावरच येऊन थांबतं. त्यांना २०२३ मध्ये ईडीने अटक केली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. मला बोलायचंय ते तिथे उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांबद्दल. मरोळ-अंधेरीपासून वसई-विरारपर्यंत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे "पोरगा जेटला आहे" हे आईवडील ताठ मानेने सांगायचे.

तो अभिमान पोकळ नव्हता. ५ मे १९९३ ला लीजवर घेतलेल्या चार बोइंग ७३७ वर जेट सुरू झाली. त्याआधी देशात विमानाने जायचं तर इंडियन एअरलाइन्सशिवाय पर्याय जवळजवळ नव्हताच. त्याच सुमारास ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी अशा कंपन्या आल्या, आणि दशक संपायच्या आत त्या सगळ्या मिटल्या. जेट टिकली. वेळ पाळणारी, प्रवाशाशी नीट बोलणारी म्हणून तिचं नाव झालं. २००४ मध्ये कोलंबो, २००५ मध्ये लंडन. त्याच वर्षी शेअर बाजारात आली तेव्हा शेअरचा भाव होता ११०० रुपये.

मग २००७ मध्ये १४५० कोटी देऊन एअर सहारा विकत घेतली. माझ्या मते घसरण तिथे सुरू झाली. आधीच डबघाईला आलेली कंपनी एवढी रक्कम मोजून का घ्यायची? शिवाय जेट, जेटलाइट, नंतर जेटकनेक्ट अशी तीन नावं झाली. कुठल्या विमानात जेवण मिळेल आणि कुठल्यात विकत घ्यावं लागेल, हे तिकीट काढणाऱ्याला कळेना. समोर इंडिगो एकच काम स्वस्तात आणि नेटकं करत होती. २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद विमान कंपनीने २४ टक्के हिस्सा घेतला, त्यावर काही वर्षं निघाली. २०१८ मध्ये तेल महागलं, रुपया सत्तरीपार गेला आणि त्यात मुंबईत विमानाच्या इंधनावर राज्याचा २५ टक्के व्हॅट. पगार लांबायला लागले.

ऑक्टोबर २००८ मध्ये सुमारे १९०० जणांना एकदम काढलं होतं, तेव्हा पिवळ्या कोटातल्या मुली विमानतळाबाहेर येऊन रडल्या होत्या. ओरड झाली आणि एक-दोन दिवसांत सगळ्यांना परत घेतलं. २०१९ मध्ये मात्र परत घ्यायला कोणी उरलं नव्हतं. २५ मार्चला गोयल संचालक मंडळावरून बाजूला झाले, बँकांनी १५०० कोटींचं आश्वासन दिलं, ते आलेच नाहीत. शेवटी तातडीचे ४०० कोटीही नाकारले. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेलं विमान शेवटचं.

माझा राग आहे तो इथे. पोलाद कारखाना बंद पडला तरी जमीन आणि यंत्रं जागेवर असतात. विमान कंपनीची बहुतेक विमानं भाड्याची, ती मालक घेऊन जातात. विमानतळावरचे स्लॉट, म्हणजे उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या ठरलेल्या वेळा, दुसऱ्यांना मिळतात. वैमानिक दुसरीकडे जातात. ती एकदा जमिनीवर आली की दर आठवड्याला तिची किंमत घटते. हे बँकांना माहीत नव्हतं, असं मी मानणार नाही. तरीही महिनोन् महिने बोलणी चालली, आणि दिवाळखोरीचा अर्ज झाला तो विमानं थांबल्यावर, जून २०१९ मध्ये. कंपनी विकत घेऊन पुन्हा चालवू पाहणाऱ्या जालान-कालरॉक गटाची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, पण प्रवासी घेऊन विमान काही उडालं नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षं! पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी कर्मचाऱ्यांना लवादापासून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडावं लागलं, आणि आदेश हातात आल्यावरही पैसे हातात आले नाहीत.

गो फर्स्ट ही दुसरी विमान कंपनी बंद पडली तेव्हा भाड्याने विमानं देणाऱ्या परदेशी कंपन्या अडकल्या. त्यांची विमानं सुटावीत म्हणून सरकारने २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि २०२५ मध्ये संसदेने वेगळा कायदाच केला. कायदा हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीच तत्परता लोडर, टेक्निशियन, केबिन क्रूसाठी का नाही? विमान कंपन्यांनी ग्रॅच्युइटीची रक्कम दरवर्षी एलआयसीसारख्या बाहेरच्या संस्थेत भरलीच पाहिजे, अशी सक्ती करा. आणि पगार थकला की डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, त्या महिन्यातच कंपनीचा हिशेब मागवावा, विमानं उडत असतानाच.