मोजून भरलेली दारू

लेकीने साताऱ्याच्या आजीला फोनवर सांगून टाकलं, "आजी, बाबा रोज रात्री गॅरेजमध्ये दारू भरत बसतो."

पलीकडे शांतता. मग आईचा आवाज आला, "मोजून भरतो ना? तुझ्या आजोबांना तेवढंही कधी जमलं नाही."

मोजूनच भरतो, आई. ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मुळात जवाच्या एका दाण्याचं वजन, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून जरासं जास्त. टेक्सासात आल्यावर रायफलचा नाद लागला. दुकानातली काडतुसं महाग पडतात म्हणून वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायच्या ठरवल्या. बचत होणार होती. पुंगळी दाबायचा प्रेस आला, तिला आकार देणारे डाय आले, तराजू आला, बारीक मापं घेणारा कॅलिपर आला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि कोंबडी अजून शिजतेच आहे.

दारूचं एक बरं असतं. पुस्तकात तक्ता असतो, खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि वरचा ओलांडायचा नाही. खरा छळ पुढे आहे : गोळी पुंगळीत किती खोल बसवायची? नळीच्या आत पीळ असतात, त्यांच्या उंच कडांना म्हणायचं लँड्स. पुंगळीतून सुटलेली गोळी त्या कडांना भिडेपर्यंत जेवढं अंतर कापते ती तिची उडी. ही उडी जमली की नेम जमला, असं जाणकार छातीवर हात ठेवून सांगतात. फक्त कोणी दहा थाउ सांगतो, कोणी साठ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस सुमारे तीन थाउ जाड असतो. ज्या घरात मीठ 'चवीपुरतं' पडतं त्या घरात मी वाढलो, आता केसाचे तीन भाग करतोय.

बरं, मोजायचं तरी कुठून? टोकापासून मोजलं तर फसलात. एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकं सारखी नसतात. पोराची उंची टोपीसकट मोजण्यातला प्रकार. म्हणून गोळीच्या फुगीर गालावर बसणारी एक कडी कॅलिपरला लावायची आणि तिथून मोजायचं. त्या कडीचे वेगळे पैसे.

माझी रायफल ६.५ क्रीडमोरची. हे काडतूस २००७ सालचं, त्याची ठरलेली कमाल लांबी २.८२५ इंच. मी म्हटलं, उडीची भानगडच नको, गोळी कडांना टेकवूनच ठेवू. असं टेकवलं की दाब वाढतो, म्हणून दारू कमी केली. एवढी अक्कल होती. पुढची नव्हती. नेमबाजीच्या रेंजवर काडतूस आत सरकवलं आणि तेवढ्यात 'सीज फायर'चा, म्हणजे गोळीबार थांबवा असा, पुकारा झाला. नियमाप्रमाणे बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, मागे ओढला. पुंगळी बाहेर आली. गोळी पिळात रुतून नळीतच राहिली. आणि दारू? रव्याचा डबा कलंडावा तशी बोल्टखाली, ट्रिगरमध्ये, बाकावर सांडली. देखरेखीला असलेले म्हातारे गृहस्थ आले, एकदा रायफलीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि न बोलता साफसफाईची सळई पुढे केली. पंगतीत वरणाची बादली सांडणाऱ्या वाढप्याकडे यजमान बघतो ना, तसं ते बघणं होतं. नळीच्या तोंडाकडून सळई घालून ठोकत ठोकत गोळी काढली. ट्रिगरमधले कण मी दोन दिवस वेचत होतो.

मग शहाणा झालो. दहा थाउ उडीपासून सत्तर थाउपर्यंत गोळी बसवायच्या सात वेगवेगळ्या खोल्या, प्रत्येकीची तीन काडतुसं, डब्यावर चिठ्ठ्या. शंभर यार्डांवर चाळीस थाउच्या तीन गोळ्या ०.४ इंचात बसल्या! घरी येऊन पेढे वाटायचेच बाकी होते. पुढच्या रविवारी तेच चाळीस थाउ, तीच दारू, तोच मी. १.३ इंच. मी वाऱ्याला दोष दिला, मग कॉफीला.

लेक कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. कागद बघून म्हणाली, "बाबा, सातही वेळा एकच खोली ठेवून मारून बघ ना. तीन-तीन गोळ्यांत काय कळणार?"

बापाने मुलीचं ऐकायचं नाही अशी काही रीत नाही. एकवीस काडतुसं भरली, सगळी चाळीस थाउची, एकेक कॅलिपरखालून काढली. सात कागद झाले. लहानातला लहान ०.५ इंच, मोठ्यातला मोठा १.४. म्हणजे खोली एकच, आणि निकाल साती खोल्यांचे. तिने सातही कागद जेवणाच्या टेबलावर मांडले आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला दया आली असावी. भाजी वाढून आत गेली.

तिसरा कागद, ०.५ इंचवाला, मी फ्रिजवर लावलाय. खाली चाळीस थाउ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. बाकीचे सहा गॅरेजमध्ये आहेत, प्रेसखाली तेल गळतं तिथे.