टनावर पैसे देणार असाल तर कचरा वेगळा होणारच नाही

आमच्या नगरपरिषदेच्या नव्या बॉडीला एकदम कचऱ्यापासून वीज बनवायचं सुचलंय. गावातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर तो थ्रीडी फोटो फिरायलाय, निळ्या पत्र्याचं शेड, चकाचक चिमणी, समोर हिरवंगार लॉन (लॉन! आमच्या इथं मे महिन्यात नळाला आठवड्यानं पाणी येतंय) आणि खाली मोठ्या अक्षरात, आता कचराच करणार शहर उजळ वगैरे. लोक पण धडाधड अंगठे दाखवायलेत. मी खाली एवढंच विचारलं की बाबांनो, कंत्राटदाराला पैसे कशावर देणार, तर एका माजी नगरसेवकानं मला थेट विकासविरोधी करून टाकलं. म्हणून इथं सविस्तर लिहितो, कमेंटमध्ये मावणारी गोष्ट नाही ही.

आधी विजेचं बघू. माझी खानावळ आहे, त्यामुळं ओला कचरा म्हणजे काय हे मला कुणी पीपीटीवर दाखवायची गरज नाही. भाजीची देठं, वरणाचं पाणी, भिजलेल्या भाकरी, खरकटं. आपल्याकडच्या शहरांच्या कचऱ्यात निम्मा माल हाच असतो आणि त्यात पाणीच पाणी. वर झाडलोटीची माती, नाल्याचा गाळ, पाडलेल्या भिंतीचा राडारोडा. हे भट्टीत घातलं तर आधी पाणी आटवण्यातच सगळी उष्णता जाणार, मग वीज कुठून येणार? दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाचा रोज ३०० टन कचरा जाळायचा प्लांट उभा केला होता, त्यातून पावणेचार मेगावॅट वीज निघणार होती. चालला किती? २१ दिवस. मशीन किलोला साधारण साडेचौदाशे किलोकॅलरी उष्णता देणाऱ्या कचऱ्यासाठी बनवलेली आणि दिल्लीचा कचरा त्याच्या निम्म्यालाही कसाबसा पोचणारा. तिकडच्या लोकांच्या कचऱ्यात पुठ्ठा आणि कागद, आपल्या कचऱ्यात भाजी. मशिनीचा काय दोष त्यात.

आणि आजसुद्धा असा प्लांट परवडायला रोजचा साधारण ३०० टन तरी कचरा लागतो असं जाणकार सांगतात. आमचं गाव पन्नास हजाराचं. माणशी ३०० ग्रॅम धरले तर सगळा मिळून १५ टन. बाकीचा २८५ टन कुठून आणणार, शेजारच्या तालुक्याचा कचरा विकत घेणार का?

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असंय की मशीन कोणती घ्यायची हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. पहिला प्रश्न टेंडरमधला तो एक कॉलम आहे, दर प्रति टन. कंत्राटदाराला काट्यावरच्या वजनाचे पैसे मिळतात, बरोबर? मग तो काय करणार? वजन वाढवणार. ओला कचरा गल्लीतच जिरला तर त्याचं नुकसान. माती आली, दगड आले, पावसात भिजलं तर त्याचा फायदा. आपण त्याला कचरा वाढवायचे पैसे देतो आणि पोस्टरवर छापतो कचरा कमी करा. कंत्राटदाराला शिव्या घालून उपयोग नाही, त्याच्या जागी तुम्ही आम्ही असतो तर तेच केलं असतं.

घंटागाडी जवळून बघा कधीतरी. नवीन आली तेव्हा मधोमध पत्र्याचं पार्टिशन होतं, एका बाजूला हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला निळा. आमच्या गल्लीतल्या गाडीचं पार्टिशन वेल्डिंगवाल्याकडून कापून काढलंय, खाली फक्त चार बोटं उंचीची धारदार पट्टी राहिलीय. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "शेठ, ते पत्रं असलं की गाडी उलटी करताना माल अडकून बसतोय, हातानं उपसावा लागतोय, अन् डेपोवर तर दोन्हीचा ढीग एकच हाय ना." त्याचं खोटं नाही. पण त्याच गाडीच्या दोन्ही बाजूंना चार पोती लटकवलेली असतात. एकात पाण्याच्या बाटल्या, एकात पुठ्ठा, एकात दारूच्या बाटल्या, एकात पत्रा-लोखंड. म्हणजे ज्या मालाचे त्याला स्वतःला पैसे मिळतात तो माल तो आणि त्याचा जोडीदार चालत्या गाडीत, एका मिनिटात, कोणत्याही ट्रेनिंगशिवाय वेगळा करतात! आणि आपण म्हणतो लोकांना सवय नाही, जनजागृती पाहिजे, पथनाट्य करा.

सुक्या कचऱ्याचा अर्धा प्रश्न तर नगरपरिषदेनं कधी सोडवलाच नाही, तो भंगारवाल्यांनी सोडवलाय. आपल्या मराठवाड्यात जालन्यासारखं गाव आहे जिथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून सळई बनते आणि तीच सळई आपल्या घराच्या स्लॅबमध्ये येते. गल्लीत पोतं घेऊन फिरणारी मावशी, कोपऱ्यावरचा भंगारवाला, मोठा व्यापारी, मग कारखाना, एवढी साखळी नगरपरिषदेच्या एका रुपयाशिवाय चालू आहे. पुण्यात १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, त्यातूनच पुढं कचरावेचकांची 'स्वच्छ' सहकारी संस्था उभी राहिली, त्या बायका दारोदार जाऊन कचरा गोळा करतात, वर्गीकरण करतात आणि घरटी पैसे घेतात. घरटी, टनावर नाही. बघा फरक. आमच्या डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, कचरावेचक हा शब्द एकदा तरी आहे का ते मला कुणीतरी दाखवावं.

संभाजीनगरचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. तीन दशकांहून जास्त काळ सगळ्या शहराचा कचरा नारेगावच्या डेपोला. ढीग डोंगराएवढे झाले, विहिरींचं पाणी नासलं, धुराचा त्रास. फेब्रुवारी २०१८ मध्ये आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि ठणकावून सांगितलं, आता एक टोपलं इथं टाकू देणार नाही. मग शहराच्या चौकाचौकात ढीग. गाड्या मिटमिट्याकडं वळवल्या तर ७ मार्चला तिथं दगडफेक, जाळपोळ, लाठीमार. आयुक्तांची बदली झाली, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. त्यानंतर मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडीला प्रक्रिया केंद्रांची कामं निघाली, त्यातला कांचनवाडीचा म्हणजे रोज ३० टन ओल्या कचऱ्यातून गॅस काढायचा प्लांट. म्हणजे जे वीस वर्षं आधी करायचं ते डोकी फुटल्यावर केलं. नारेगावच्या लोकांना तेव्हा शहरातले लोक आडमुठे म्हणत होते, मला तर ते मराठवाड्यातले सगळ्यात शहाणे नियोजनकार वाटतात.

बरं मग करायचं काय, नुसतं नाव ठेवून कसं चालंल. माझ्या मते ओल्या कचऱ्यावरच सगळा जोर लावा. तो वेगळा झाला की उरलेला सुका असतो, वास नाही, माश्या नाहीत, कुत्री नाहीत, महिनाभर पडला तरी काही बिघडत नाही. आणि गावातला स्वच्छ ओला माल आधीच ठरलेल्या जागी आहे. मोंढ्याशेजारची भाजीमंडी, आठवडी बाजार, मंगल कार्यालयं, आमच्यासारख्या खानावळी आणि हॉटेलं. घराघरात जायच्या आधी हे सगळं एक वेगळी गाडी लावून उचला. यातून आणि थोड्याफार घरांतून रोज ५ टन जरी चांगला माल मिळाला आणि तो बंद टाकीत कुजवला, तर टनाला साधारण ८० घनमीटर गॅस धरून ४०० घनमीटर होतो. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजीच्या बरोबरीचा. म्हणजे रोजचे १९ किलोचे नऊ-साडेनऊ कमर्शियल सिलेंडर. त्या सिलेंडरचा भाव काय हे मला विचारा! वीज करण्यापेक्षा गॅस थेट वापरला तर फायदा, कारण इंजिनातून वीज करताना निम्म्याहून जास्त ऊर्जा गरम हवा होऊन उडून जाते. आश्रमशाळा, वसतिगृह, सरकारी दवाखान्याचं स्वयंपाकघर, शेजारी प्लांट लावा, पाइप टाका, संपला विषय. भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण तंत्र याच कामाचं आहे.

खत पण चांगलंच, पण त्यात आपल्याकडं एक गोची आहे जी पुण्या-मुंबईचे कन्सल्टंट लिहीत नाहीत. खताच्या ढिगाला निम्म्याच्या वर ओलावा लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात ढीग दोन दिवसात खडखडीत होतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा भागात कचऱ्यावर टँकर मारा म्हणलं तर लोक मारतील. गॅसच्या टाकीचं उलट आहे. टाकी बंद, पाणी उडत नाही, गॅस निघून उरलेल्या रबडीतलं (स्लरी) पाणी परत वापरता येतं आणि आतले जिवाणू ३५-३८ अंशाला सगळ्यात खुश असतात. थंड देशात त्यासाठी टाकी तापवावी लागते, आपल्याकडं ते फुकट आहे. ऊन आपल्या कधीतरी कामाला येऊ द्या की.

मग उरतं काय, तर कुरकुऱ्याची पाकिटं, फाटक्या चपला, थर्माकोल, चिंध्या. ज्याला भंगारवाला पण हात लावत नाही. हे खरंच जळणारं आहे. २०१६ च्या घनकचरा नियमातच होतं की किलोला १५०० किलोकॅलरीच्या वर उष्णता देणारा, रिसायकल न होणारा माल पुरू नका, इंधन म्हणून वापरा. पण त्यासाठी गावात चिमणी कशाला? गठ्ठे बांधा आणि सोलापूर, कलबुर्गी, चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांना द्या, त्यांच्या भट्ट्या आधीच पेटलेल्या आहेत. भाडं लागंल, मान्य, म्हणून दोनचार नगरपरिषदांनी मिळून ट्रक भरावा. पण माल कोरडा असेल तरच ते घेतात, चिखलाचे गठ्ठे कोण घेतं.

पैसे देण्याचं म्हणाल तर ते अवघड नाही. घरटी दर ठरवा, त्यात वेगळा कचरा दिलेल्या घरांचा वेगळा हिशोब ठेवा, गॅसच्या प्लांटवर जेवढा भेसळीचा माल परत येईल तेवढे पैसे कापा. वजन मोजा, पण डेपोवर गेलेलं, आणि ते जितकं कमी तितका बोनस. लोकांना पण काहीतरी द्या. संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीनं टॅक्स भरणाऱ्याला दळण फुकट दिलं तर लोक रांगेत टॅक्स भरायला लागले, नुसत्या पथनाट्यानं ते झालं नसतं. १ एप्रिल २०२६ पासून तर घनकचऱ्याचे नवे नियम आलेत, ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, बल्ब, औषधं असला) असे चार भाग घरातच करायचेत. दोन भागांचं पत्रं कापून काढलेल्या गाडीत चार भाग कसे बसवणार हे कुणी विचारायलंय का.

सर्वसाधारण सभेत विषय येणार आहे म्हणे. आपापल्या वार्डातल्या नगरसेवकाला फोन करून एवढंच विचारा, पेमेंट कशावर आहे आणि कचऱ्याची तपासणी किती दिवस, कोणत्या सीझनमध्ये केली. लग्नसराईतला कचरा वेगळा असतो आणि श्रावणातला वेगळा, एका दिवसाचं सॅम्पल घेऊन पंचवीस वर्षांचा करार करणार असाल तर देवच पाठीशी राहो.

आणि तुळजापूर, औंढा, परळी, माहूर यापैकी कुठं निर्माल्य वेगळं गोळा करून त्याचं नीट काही करत असतील तर तिथल्या कुणीतरी खाली लिहा. आमच्या मंदिर कमिटीचे काका तयार आहेत, पण त्यांना चालू असलेलं काम डोळ्यांनी बघायचंय. मी घेऊन येतो त्यांना, डिझेल माझं.