पावतीची खिडकी

गेल्या मंगळवारी मी एकाच देयकाची रक्कम दोनदा भरली. कार्यालय कोणते ते सांगत नाही, कारण पुढच्या वर्षीही मला तिथेच पैसे भरायचे आहेत. पहिल्यांदा पैसे कापले गेल्याचा बँकेचा संदेश आला, पडद्यावर एक चक्र गरगर फिरून थांबले आणि पावती काही आली नाही. 'पावती न मिळाल्यास पुन्हा प्रयत्न करावा' असे तिथे लिहिलेले असल्यामुळे मी पुन्हा प्रयत्न केला. बँकेच्या दृष्टीने तो प्रयत्नही पूर्ण यशस्वी ठरला.

कार्यालयात फोन लावला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी "तुमचा पॉप-अप बंद असेल," असे सांगितले. भर सभेत एखाद्याला 'तुमची गुंडी उघडी आहे' असे सांगावे, तसा त्यांचा स्वर होता. "खाली सूचना आहे ना, वाचली नाही का?" सूचना होती, ती मी नंतर चष्मा पुसून वाचली. पॉप-अप म्हणजे पानातून आपोआप उघडणारी वेगळी छोटी खिडकी.

मे महिन्यातली दुपार होती आणि पारा 42 अंशांवर होता. अशा वेळी सोलापुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून सात रस्त्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानातला मुलगा प्रवेशअर्ज भरण्यात बुडालेला होता. त्याने हातानेच 'बसा' अशी खूण केली. शेजारच्या स्टुलावर पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ रेशन कार्डाच्या झेरॉक्सची वाट पाहत बसले होते, आणि वाट पाहण्याव्यतिरिक्त त्यांच्याकडे भरपूर वेळ होता.

"काय अडचण हाय, मालक?"

मी थोडक्यात सांगितले. त्यांनी डोळे मिटले आणि निदान केले, "कॅश साफ करा."

"कॅश दिलेलीच नाही, मी ऑनलाइन भरले," मी म्हणालो.

"ती कॅश न्हवं. आतली कॅश. माझ्या मेव्हण्याच्या कॉम्प्युटरात लई साठली हुती. पोरानं साफ केली, तवापासून पळतंय."

"म्हणजे किती होती?" असे मी विचारले, याची मला आजही लाज वाटते; ही कॅश म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती. त्यांनी मात्र प्रश्न गांभीर्याने घेतला आणि मेव्हण्याचे दुकान, त्याची उधारी, त्याने अशोक चौकात घेतलेली आणि भावाने बळकावलेली जागा, असा हिशेब सांगत ते कॅशवर परत आले. अखेरीस मी त्यांना समजावले की, पावती एका वेगळ्या खिडकीत उघडते आणि ब्राउझर ती खिडकी उघडू देत नाही.

यावर ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "ह्या उन्हात?" ते म्हणाले. "मालक, आपल्या सोलापुरात मे महिन्यात दुपारी खिडकी कोण उघडतंय? मशिनीला कळतंय की! संध्याकाळी सातनंतर बघा, आपोआप उघडंल."

ते विनोद करत होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दुकानातल्या दोन माणसांनी मान डोलावली, हे मात्र मी प्रत्यक्ष पाहिले.

मुलगा आला आणि त्याने चार सेकंदांत काम केले. पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला तांबड्या फुलीचे एक चिमुकले चिन्ह होते, त्यावर त्याने टिचकी मारली, त्या संकेतस्थळाला नेहमीसाठी परवानगी दिली आणि पावती उघडली. "सगळ्याच उघडून टाक की, परत भानगड नको," असे टोपीवाल्यांनी सुचवले. त्यावर मुलगा घाईघाईने म्हणाला, "नको काका, एकच. सगळ्या उघडल्या तर जाहिराती घुसतील." क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'गोपनीयता आणि सुरक्षा', त्यात 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'पॉप-अप आणि रीडिरेक्ट', अशी तीन दारे ओलांडल्यावर परवानगी दिलेल्यांची यादी सापडते, हेही त्याने दाखवले. प्रिंटचे दहा रुपये घेतले, ज्ञानाचे काही घेतले नाही.

घरी येऊन मी या खिडकीचे कूळ शोधले. ईथन झुकरमन नावाच्या गृहस्थाने 1990च्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत असताना पॉप-अप जाहिरातीचा कोड लिहिला. एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच पानावर झळकली आणि ती कंपनी बिथरली, म्हणून जाहिरात पानापासून वेगळ्या खिडकीत ठेवायची, असा तो सोज्ज्वळ उपाय होता. झुकरमन यांनी 2014 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मला फोनवरच्या बाईंनी अजून मागितलेली नाही.

पुढे या खिडक्यांनी इतका उच्छाद मांडला की, 2004 साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररलाही त्यांना रोखणारा अडसर मिळाला. आपण बटण दाबताक्षणी उघडणारी खिडकी ब्राउझर चालवून घेतो, पण बँकेचा होकार येईपर्यंत थांबून मग स्वतःहून उगवणारी खिडकी त्याला आगंतुक वाटते, आणि माझी पावती नेमकी अशीच उगवणार होती. वीस वर्षांहून अधिक काळ ज्या दाराला आतून कडी असते, त्याच दाराने पावती पाठवायची आणि कडी का लावली म्हणून घरमालकाला दरडावायचे, हा कारभार संतापजनक आहे. बरे, या कडीने शांतता तरी मिळावी? बातमीच्या दुसऱ्या ओळीवरच मजकूर झाकून 'आमचे ॲप घ्या' म्हणणारी चौकट तिला अडवताच येत नाही, कारण ती खिडकी नसून त्या पानाचाच भाग असते. म्हणजे नको ती सगळी मंडळी आत येतात आणि माझी पावती तेवढी बाहेर उभी राहते.

शुक्रवारी जास्तीच्या रकमेच्या परताव्यासाठी कार्यालयात गेलो. अर्जात 'रक्कम दोनदा भरण्याचे कारण' या रकान्याला अर्धी ओळ जागा होती. मी लिहिले, 'पावतीची खिडकी उघडली नाही.'

लिपिकाने ते दोनदा वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "पावतीची खिडकी म्हणजे चार नंबर. मंगळवारी मीच बसलो होतो तिथे. दिवसभर उघडी होती."