खुलासा : ‘मूडल फुकट, तपासणीही आपोआप’

मराठी शिकवणाऱ्यांच्या गटांत एक संदेश फिरतोय : मूडल (ऑनलाइन वर्ग नि चाचण्या चालवायचं सॉफ्टवेअर) घ्या, खर्च शून्य, वह्या तपासणं बंद. अर्धंच खरं आहे. 2002 पासून मिळणारं हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, परवान्याला पैसे पडत नाहीत. पण ते ठेवायला सर्व्हर लागतो, आणि त्याचं भाडं कुणीतरी भरतंच.

तपासणीचं म्हणाल, तर लघुत्तरी प्रश्नात आपण भरलेल्या उत्तराशी अक्षरन् अक्षर जुळवलं जातं. ‘पाणी’ऐवजी मुलानं ‘पाणि’ लिहिलं की शून्य! अर्थात, ‘पाणि’ हेही उत्तर म्हणून भरून त्याला 50 टक्के गुण ठेवता येतात. निबंध मात्र शिक्षकानंच वाचायचा.