दप्तरे जाळली म्हणे! ऑस्ट्रेलियातील कैदी पूर्वज आणि एक फिरता मजकूर

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांची कसोटी मालिका जवळ आली की एक मजकूर आपल्या मोबाइलवर हमखास येऊन पडतो. त्यातील विधाने साधारण अशी असतात: ऑस्ट्रेलियातील गोरे लोक सगळेच्या सगळे ब्रिटनने हाकललेल्या कैद्यांचे वंशज आहेत; हे कैदी केवळ पावाचा तुकडा चोरल्याबद्दल तिकडे धाडले गेले; नातवंडांनी लाजेपोटी सरकारी दप्तरे जाळली; आणि तरीही, मजकुराच्या शेवटच्या ओळीनुसार, एखाद्या संकेतस्थळावर नाव टाकताच मूळ पुरुष सापडतो. दप्तरे जळाली असतील तर नाव कशात शोधायचे, हा प्रश्न मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणाला पडलेला दिसत नाही.

पहिल्या विधानाचा निकाल आकड्यांनीच लागतो. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात उतरवले गेले. उलट १८५१ मध्ये सोन्याच्या शोधाने लोकांची रीघ लागली आणि अवघ्या दहा वर्षांत वसाहतींची लोकसंख्या सुमारे ४,३०,००० वरून साडेअकरा लाखांच्या आसपास पोहोचली. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत तर १८३६ मध्ये स्थापन झाली तीच मुळी ब्रिटनमधून कैदी न आणण्याच्या धोरणावर. आजच्या ऑस्ट्रेलियन नागरिकांपैकी साधारण पाचातील एकाचा कोणी ना कोणी पूर्वज कैदी असावा, असा अंदाज नेहमी दिला जातो. २०२१ च्या जनगणनेत जवळपास निम्म्या रहिवाशांचे आई किंवा वडील परदेशात जन्मलेले निघाले, आणि त्यांत सिडनी-मेलबर्नची मराठी घरेही आली.

पावाचा तुकडा मात्र अधिक चिवट आहे, कारण त्यात करुणा आहे. बहुतेकांना चोरीसाठीच सात वर्षे, चौदा वर्षे किंवा जन्मभराची हद्दपारी झाली, हे खरे. परंतु खटल्यांच्या कागदांत पाव क्वचितच आढळतो. आढळतात ती कापडाची ठाणे, रेशमी रुमाल, चांदीचे चमचे आणि मेंढ्या, आणि अनेकांच्या नावावर आधीचीही शिक्षा असते. याच मजकुराची दुसरी आवृत्ती या लोकांना सरसकट खुनी आणि दरोडेखोर ठरवते. तीही टिकत नाही, कारण त्या काळी खुन्याला सहसा फाशीच होई. राजकीय कैदीही होते. १८३४ मध्ये डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधताना गुप्त शपथ घेतल्याबद्दल पाठवले गेले, आणि १८६८ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात आलेल्या ‘हूगूमाँट’ या शेवटच्या कैदी जहाजावर ६२ फेनियन, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेले आयरिश बंडखोर होते. म्हणून प्रत्येक आयरिश पणजोबा क्रांतिकारक ठरत नाही. आयर्लंडहून आलेल्यांतही बहुसंख्य साधे चोरच होते, आणि घरातली दंतकथा कागदाशी ताडून पाहिली की हे पुष्कळदा पचवावे लागते.

आता दप्तरांकडे येऊ, कारण मजकुरातील सर्वांत मोठी चूक इथेच आहे. तिला आधार अगदीच नाही असे नव्हे. २२ सप्टेंबर १८८२ रोजी सिडनीचे ‘गार्डन पॅलेस’ नावाचे प्रचंड प्रदर्शनगृह जळाले आणि त्यात १८८१ च्या जनगणनेचे कागद नष्ट झाले. प्रतिष्ठित घराण्यांनीच कैदी पूर्वज पुसण्यासाठी ही आग लावली, अशी कुजबूज तेव्हापासून चालत आली आहे. लाजही खोटी नव्हती: व्हॅन डीमन्स लँड या बेटाने १८५६ मध्ये टास्मानिया हे नाव घेतले, त्यामागे जुन्या नावाला चिकटलेला कैद्यांचा डाग पुसण्याची इच्छा होतीच. पण वंशशोधकाला खरोखर भोवणारी आग सिडनीची नसून डब्लिनची आहे. १९२२ च्या आयरिश यादवी युद्धात तेथील फोर कोर्ट्स ही न्यायालयांची आणि अभिलेखागाराची इमारत पेटली आणि १८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या आयरिश नोंदवह्या राख झाल्या.

बाकीचे दप्तर अफाट आहे आणि ते शाबूत आहे. २००७ मध्ये युनेस्कोने त्याचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला. इतके लिहिले का गेले, याचे कारण व्यवस्थेतच सापडते. काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमानची कोठडी उभी राहते. न्यू साउथ वेल्समधील कैदी मात्र बहुधा कोठडीत नसे, तर एखाद्या शेतमालकाकडे कामाला नेमून दिलेला असे. (मुंबई इलाख्यातून मॉरिशसला पाठवलेल्या कैद्यांनाही रस्ते बांधायला जुंपले होते.) कैदी म्हणजे सरकारच्या मालकीचे श्रम, आणि त्यांचा हिशेब ठेवणे भागच होते. जहाजाबरोबर येणाऱ्या यादीला ‘इंडेंट’ म्हणत. टास्मानियाच्या वर्तन-नोंदवह्यांत आणि वर्णन-याद्यांत गुन्हा, शिक्षा, उंची, डोळ्यांचा रंग आणि दंडावर गोंदलेली आद्याक्षरेसुद्धा मिळतात, आणि ही आद्याक्षरे कधी कधी बायकोची किंवा भावंडांची निघतात. लग्नाला गव्हर्नरची परवानगी लागे, म्हणून तिचाही कागद होतो. मग सुटीचा परवाना (म्हणजे शिक्षा संपण्याआधीच स्वतःपुरते काम करण्याची मोकळीक), सशर्त माफी, मुदत संपल्याचा दाखला. स्वखुशीने आलेल्या गरीब शेतमजुराचे अस्तित्व प्रवाशांच्या यादीतील एका ओळीत संपते, आणि रुमाल चोरणाऱ्याचे मात्र पानभर वर्णन हाती लागते, हा विरोधाभास मला या साऱ्या विषयात सर्वांत मौजेचा वाटतो.

राहिले ते नाव टाकण्याचे. जॉन स्मिथ किंवा मेरी रायन असे शोधले तर डझनावारी माणसे समोर येतात, आणि कारकून कानाला ऐकू येईल तसे लिहीत असल्यामुळे एकाच माणसाची नावेही तीन तऱ्हेची असतात. म्हणूनच सरकार स्वतः कैद्याची ओळख जहाजावरून पटवत असे: अमुक माणूस, अमुक जहाजाने आलेला. एकाच नावाची अनेक जहाजे होती आणि एकेका जहाजाने अनेक फेऱ्या केल्या, तेव्हा सालही हवेच. शोध आजपासून मागे न्यावा लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासून जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद होऊ लागली आणि तेथील मृत्यूच्या दाखल्यात माणूस वसाहतीत किती वर्षे राहिला हेही लिहीत. त्यावरून आगमनाचे साल काढून १८२८ च्या जनगणनेत तो ‘स्वखुशीने आलेला’, ‘इथेच जन्मलेला’ की शिक्षा भोगणारा, हे पाहता येते. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटले आता घरबसल्या वाचता येतात, पण लंडनबाहेरच्या आरोपीसाठी त्या त्या परगण्याचे अभिलेखागारच गाठावे लागते.

इतके करूनही धागा तुटतो, पण तो बहुधा आगीत तुटत नाही. शिक्षा संपली की सरकारला त्या माणसात रस उरत नसे आणि त्याची नोंद थांबे. टास्मानियातून सुटलेले कित्येक जण सोन्याच्या ओढीने समुद्र ओलांडून व्हिक्टोरियात गेले. त्या वसाहतीने १८५२ मध्ये त्यांना रोखण्यासाठी कायदाच केला, आणि अशा वेळी बोटीतून उतरताना आपले खरे नाव सांगण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते.