मटिल्डाची जादू जाते, तेच योग्य आहे

रोआल्ड डाल यांच्या १९८८ सालच्या ‘मटिल्डा’ या कादंबरीचा विषय निघाला की बहुतेक वाचकांना नुसत्या नजरेने पाण्याचा पेला पाडणारी आणि खडूला हात न लावता फळ्यावर लिहिणारी चिमुरडी आठवते. माझ्या मते त्या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची घटना यानंतर घडते, आणि नेमकी तीच फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. ती शक्ती शेवटी नाहीशी होते आणि मटिल्डाला त्याचे जराही वाईट वाटत नाही.

शक्ती का गेली, याचा खुलासा तिच्या शिक्षिका मिस हनी करतात. लहान मुलांच्या वर्गात मटिल्डाच्या बुद्धीला काही कामच नव्हते, त्यामुळे आत साठत गेलेली ताकद डोळ्यांवाटे बाहेर पडत होती. पुढे तिला शाळेतल्या सर्वांत वरच्या वर्गात, दुपटीहून अधिक वयाच्या मुलांबरोबर बसवले गेले आणि डोके पूर्ण कामाला लागताच ती शक्ती ओसरली. हा खुलासा जेमतेम एखाद्या पानाचा आहे, पण तो ध्यानात ठेवून पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले, तर वडिलांच्या टोपीला आतून गोंद लावणे किंवा धुराड्यात पोपट लपवणे या नुसत्या खोड्या उरत नाहीत. चौथ्या वर्षी डिकन्स वाचणाऱ्या आणि घरात त्याविषयी बोलायला एकही माणूस नसलेल्या मुलीच्या बुद्धीने शोधलेली ती कामे आहेत. (वडील जुन्या मोटारींचे मीटर मागे फिरवून गिऱ्हाइकांना फसवतात, त्यामुळे त्यांची दया येत नाही, हा भाग वेगळा.)

मिस हनींच्या खुलाशात एक फट मात्र आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. ‘दोन गुणिले ४८७’ या प्रश्नाला मटिल्डा सहज ‘९७४’ असे उत्तर देते, तेव्हाच मिस हनींना तिची योग्यता कळलेली असते. त्या आधी मुख्याध्यापिकांकडे जाऊन पाहतात, तिथे निराशा पदरी पडल्यावर वरच्या वर्गांची बीजगणित, भूमिती, फ्रेंच अशी पुस्तके आणून तिला वर्गातच वाचायला देतात, आणि मग तिच्या आईवडिलांकडे जातात, पण तिथेही निराशाच पदरी पडते. म्हणजे मटिल्डाकडे काम नव्हते असे नाही. तरीही शक्ती प्रकटते ती त्यानंतरच. यावरून मी असे समजतो की कठीण पुस्तक हाती देऊन मुलाला एकटे बसवणे पुरेसे नसते. त्याच्याशी बरोबरीने बोलणारे, प्रसंगी त्याला मागे टाकणारे कोणीतरी समोर असावे लागते. शिवाय पेला पहिल्यांदा पडतो तो कंटाळ्यातून नव्हे. पाण्याच्या भांड्यात पालीसारखा जलचर प्राणी टाकलेला असतो मैत्रिणीने, आळ येतो मटिल्डावर, आणि खरे सांगूनही मुख्याध्यापिका मिस ट्रंचबुल ते ऐकून घेत नाहीत. त्या संतापाचा वाटा मिस हनींच्या हिशेबात धरलेला नाही.

या सगळ्यात ग्रंथपाल मिसेस फेल्प्स यांचे काम थोडक्यात येते, पण मोठ्या माणसांपैकी सर्वांत शहाणपण त्यांनी दाखवले आहे असे मला वाटते. त्या मुलीला कोणापुढे मिरवत नाहीत, तिच्या आईवडिलांना गाठून उपदेश करत नाहीत. एक पुस्तक संपले की दुसरे देतात आणि पुस्तके घरी नेता येतात, एवढे सांगतात. हुशार मूल दिसताच त्याच्याकडून चार लोकांसमोर काहीतरी म्हणवून घेण्याची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांनी ही पाने अवश्य वाचावीत.

डॅनी डेव्हिटो यांच्या १९९६ सालच्या चित्रपटात मटिल्डाची शक्ती शेवटपर्यंत टिकते. चित्रपट रंजक आहे, परंतु या एका बदलाने कथेचा कणाच निघून जातो. कादंबरीतली मटिल्डा उपेक्षेतून सुटली म्हणून जादूतूनही सुटते. चित्रपटातल्या मटिल्डाला जादू हे बक्षीस म्हणून मिळते, आणि मग तिचे वाचन व तिचे गणित ही केवळ त्या जादूची प्रस्तावना ठरते.

डाल यांच्याविषयीही माझी एक तक्रार आहे. अख्ख्या पुस्तकात मटिल्डाला न सुटलेले गणित एकही नाही. मॅडलिन लेंगल यांच्या १९६२ सालच्या ‘अ रिंकल इन टाइम’मधली मेग मरी गणितात तरबेज असूनही शाळेच्या लेखी मागासलेली आहे, कारण ती उदाहरणे शाळेने शिकवलेल्या रीतीने सोडवत नाही, ती चिडते, अडखळते, आणि तिचा हट्टीपणा व उतावीळपणा हे दोषच पुढे तिच्या कामी येतात. मेगची बुद्धी तिला महागात पडते, आणि म्हणून ती मला अधिक खरी वाटते. मटिल्डाच्या बाबतीत तशी वेळ जिथे येऊ शकली असती, तो मिस प्लिमसोल यांचा वरचा वर्ग डाल यांनी काही ओळींत उरकून टाकला आहे. तिथे पहिल्यांदा चुकलेले उत्तर आणि त्यानंतरचा मटिल्डाचा चेहरा दाखवणारे एक पान मिळणार असेल, तर त्याच्या बदल्यात धुराड्यातल्या पोपटाचे अख्खे प्रकरण द्यायला माझी तयारी आहे.